मुठीत मावणारे पिस्तूल

22 ऑगस्ट 2018. इंडोनेशियातल्या पालेमबांगच्या रेंजवर कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची नेमबाज 34 गुणांवर बरोबरीत होत्या. शूट-ऑफही बरोबरीत सुटला, पुन्हा खेळावा लागला. अखेर राहीने सुवर्ण घेतले. आशियाई क्रीडा स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला.

हातात होते .22 बोअरचे स्पोर्ट पिस्तूल. चित्रपटातल्या पिस्तुलाशी त्याचे नाते जेमतेमच. जर्मनीची वाल्थर, इटलीची पार्दिनी, स्वित्झर्लंडची मोरिनी या कंपन्या ते नियमांच्या चौकटीत घडवतात: वजन 1400 ग्रॅमपर्यंत, चाप किमान 1000 ग्रॅम दाबाचा. एअर पिस्तुलात हा दाब 500 ग्रॅमवर येतो आणि गोळीऐवजी 4.5 मिलिमीटरचा छर्रा सुटतो. सेंटर फायर प्रकारात मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हरही चालते, पण चक्राचे हे जुने हत्यार रेंजवर आता क्वचितच दिसते.

खरी गंमत लाकडी मुठीत आहे! नेमबाज ती कानशीने घासून, लुकण भरून आपल्या तळहाताच्या आकाराची करतो. रॅपिड फेरीत हात खालून उचलून 3 सेकंदांत एक गोळी झाडायची असते. तेवढ्यात पकड जुळवायला सवड कुठली?

यंत्र मात्र दगा देऊ शकते. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची नेमबाज मनू भाकर हिच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला आणि दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली. 2024 मध्ये पॅरिसहून ती दोन कांस्यपदके घेऊन परतली.