सैल सांध्यांची खुर्ची

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी जातो तोवर सह्याद्रीत मुक्कामी भटकंतीचा हंगाम सुरू झालेला असतो. पवना धरणाच्या काठी, भंडारदऱ्याला, राजमाचीच्या वाटेवर तंबू लागतात. तंबू, स्लीपिंग बॅग, हेडटॉर्च हे सगळं आता बहुतेकांकडे चांगलं असतं. अडतं ते बसण्यापाशी. विशीतल्या पोरांना कातळही पुरतो. पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला मात्र जमिनीवरून पुन्हा पुन्हा उठबस करणं नको होतं, आणि अनेक जण एवढ्याच कारणासाठी मुक्कामाला येणं सोडून देतात. अशा माणसाला पुन्हा तंबूपाशी आणायचं तर हलकी, घडी होणारी खुर्ची हवी. ती दुकानात मिळते, तशी घरीही करता येते. आणि घरी करायचीच असेल, तर तिचा उत्तम नमुना आपल्याच देशात, रुरकीत घडलेला आहे.

घडीचं सामान ही गोष्ट फार जुनी. तुतनखामेनची कबर १९२२ साली सापडली, तेव्हा तिच्यात तीन घड्यांचा लाकडी पलंग निघाला. त्याला ब्राँझच्या बिजागऱ्या होत्या, आणि काळ इसवी सनापूर्वीचं चौदावं शतक! रोमचे वरिष्ठ अधिकारी ज्या आसनावर बसून कारभार पाहत, त्याचेही पाय कैचीसारखे एकमेकांना छेदणारे होते. आपल्याकडे पोथी किंवा कुराण ठेवायची रेहाल तर एकाच फळीतून कोरून काढतात. तिला वेगळी बिजागरी नसते. लाकडातच एकमेकांत अडकलेले दात कोरलेले असतात. सुताराच्या हातची ही करामत एकदा निरखून पाहावी.

रुरकी आज उत्तराखंडात, हरिद्वार जिल्ह्यात येते. बंगाल सॅपर्स या लष्करी इंजिनिअरांच्या दलाचं मुख्यालय १८५३पासून तिथे आहे. पुढच्याच वर्षी गंगा कालवा सुरू झाला. त्या कालव्याच्या निमित्ताने निघालेलं इंजिनिअरिंग कॉलेज म्हणजे आजची आयआयटी रुरकी. ज्या गावात दिवसरात्र बांधणी, उचलणी आणि वाहतुकीचा विचार चालायचा, त्या गावाचं नाव एका खुर्चीला मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही खुर्ची ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या छावण्यांत दिसू लागली. त्याआधीचं छावणीचं सामान म्हणजे पितळी पट्ट्यांच्या पेट्या, सुटे होणारे मेज, जड पलंग. ते वाहायला बैलगाड्या आणि उंट लागायचे. १८९९ ते १९०२ या काळातल्या बोअर युद्धात सैन्याला झपाट्याने हलावं लागलं आणि असल्या सरंजामाचे दिवस भरले. हलकं, खेचराच्या पाठीवर जाणारं सामान हवं झालं. मुंबईत काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग अजून उभी आहे. अधिकाऱ्यांना असं छावणीचं सामान विकणाऱ्या स्टोअर्सचीच ती इमारत.

ही खुर्ची रचायला अगदी सोपी. चार सुटे पाय, त्यांना जोडणारे चार आडवे दांडे, पाठीच्या दोन पट्ट्या, आणि बाकी सगळं कापड आणि चामडं. दांड्यांची टोकं निमुळती गोल केलेली असतात आणि ती पायांतल्या तशाच निमुळत्या भोकांत नुसती खोचायची. खिळा, स्क्रू, सरस यातलं काहीही सांध्यात नसतं. बैठकीचं कापड डाव्या आणि उजव्या दांड्यावरून ताणून खालच्या बाजूने पट्ट्यांनी आवळतात. माणूस बसला की कापड दोन्ही दांड्यांना आत ओढतं. त्यांच्यामागून पायही आत ओढले जातात आणि पुढच्या-मागच्या दांड्यांची टोकं भोकांत आणखी घट्ट रुततात. जितकं वजन जास्त, तितका सांधा पक्का. उचलताना खुर्ची विस्कटू नये म्हणून पायांमधून चामड्याचा पट्टा आवळलेला असतो. हातही चामड्याच्या पट्ट्यांचेच असतात, आणि पाठ एकेका बोल्टवर फिरते, म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीप्रमाणे ती स्वतःच कलते.

या सैलपणाचा मोठा फायदा उंचसखल जमिनीवर कळतो. घट्ट सांध्यांची चार पायांची खुर्ची कातळावर तीन पायांवर उभी राहते आणि चौथा पाय डुगडुगतो. रुरकीच्या खुर्चीचे पाय एकमेकांपासून थोडे स्वतंत्र असल्यामुळे चारही पाय जमीन शोधतात. डेन्मार्कच्या कोरे क्लिंटने १९३३ साली याच रचनेवरून आपली सफारी खुर्ची केली. त्याआधी १९२८च्या सुमारास ल कॉर्बुझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरियाँ यांनी पोलादी नळ्यांची, फिरत्या पाठीची खुर्ची केली होती. तिच्यातही रुरकीची छाया दिसते. यातले जानरे पुढे चंदीगडच्या उभारणीसाठी भारतात आले.

घरी करताना लाकडाची निवड आधी करावी. बैठकीची खुर्ची म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सागवान येतं. ते टिकाऊ खरं, पण एका घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं. शिवण ५००च्या आत-बाहेर असते, वाळल्यावर फारशी हलत-वाकत नाही आणि रंध्याखाली छान येते. पावणेदोन इंची चौरस पाय, सव्वा इंची दांडे असा हिशेब धरला तर सांगाडा सागवानात सव्वाचार किलोच्या आसपास आणि शिवणीत सव्वातीनच्या आसपास जातो. पाय खाली निमुळते केले की त्यातलंही काही कमी होतं. बाजारातल्या अॅल्युमिनियमच्या बारीक नळ्यांच्या खुर्च्या एका किलोपर्यंत उतरल्या आहेत. लाकूड तिथवर जाणार नाही. गाडीने किंवा मोटारसायकलने जाणाऱ्याला मात्र तीन किलो जड नाहीत. खुर्ची सुटी करून कापडात गुंडाळली की हातभर लांबीची वळकटी होते.

कोकणातल्या वाचकांनी माणग्याचा विचार जरूर करावा. सिंधुदुर्गात बांधावर लागणारा हा बांबू जवळजवळ भरीव असतो, म्हणून त्याला भोक पाडता येतं. कुडाळला कोनबॅक ही संस्था याच बांबूपासून फर्निचर आणि बांधकाम करते. भोकाच्या दोन्ही बाजूंना काथ्याची किंवा तारेची घट्ट बांधणी घालावी, नाहीतर बांबू उभा चिरतो. किडा लागू नये म्हणून बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात तो मुरवून घ्यायला हवा. हे टाळलं तर वर्षभरात खालून पिवळी भुकटी गळायला लागते.

अॅल्युमिनियमची २५ मिलिमीटर व्यासाची, दीड मिलिमीटर जाडीची नळी मीटरला ३०० ग्रॅम भरते. तेवढीच लोखंडी नळी ८७० ग्रॅम. फरक डोळ्यांत भरणारा आहे. पण खिडक्यांसाठी वापरतात ते अॅल्युमिनियम उष्णतेच्या प्रक्रियेने कडक केलेलं असतं आणि वेल्डिंगच्या जागी ते पुन्हा मऊ पडतं. म्हणून घरी बोल्ट आणि रिव्हेट हाच मार्ग.

आता कैचीच्या पायांचं गणित, कारण घरी केलेलं बहुतेक सामान इथे मोडतं. दोन पाय मध्यावर छेदणारं, वर कापड ताणलेलं साधं स्टूल घ्या. पाय जमिनीशी ४५ अंशांत असतील आणि जमिनीचं घर्षण धरलं नाही, तर ८० किलोचा माणूस बसल्यावर कापडाला आडवी ओढही ८० किलोचीच बसते. पाय ६० अंशांपर्यंत उभे केले की हीच ओढ ४६ किलोंवर येते. माणूस धपकन बसला तर क्षणभर दोन्ही आकडे दुप्पट होतात. म्हणजे पाय फार फाकवू नयेत आणि कापडाची शिवण पायांइतकीच मजबूत हवी.

दुसरी नाजूक जागा बोल्टच्या भोकाची. पायावर सर्वांत जास्त वाक तिथेच पडतो आणि नेमकं तिथेच आपण लाकूड काढून टाकतो. पण भोक पट्टीच्या बरोबर मध्यावर असेल तर नुकसान फार थोडं होतं: ३२ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत ८ मिलिमीटरचं भोक मधोमध पाडलं तर वाकण्याविरुद्धची ताकद दोन टक्क्यांनीही कमी होत नाही. तेच भोक कडेकडे सरकलं की पट्टी तिथून तुटते. पट्टी उभी ठेवावी की आडवी, याचंही उत्तर सरळ आहे. २० बाय ४० मिलिमीटरची पट्टी उभी वापरली तर आडवीपेक्षा दुप्पट वजन पेलते आणि चौपट कमी वाकते. लाकूड न वाढवता मिळणारी ही ताकद कुणी सोडू नये.

कापडाचा धडा मराठी घरांना जुन्या आरामखुर्चीने कधीच दिलेला आहे. पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड, वर-खाली शिवलेले दोन नेफे, प्रत्येक नेफ्यात एक दांडा, आणि मागे खाचांची चौकट, ज्यात आधाराची दांडी एक खाच पुढे-मागे सरकवून पाठ कमी-जास्त कलवायची. बसायला फळी नाही, पाठीला फळी नाही. अंगाचा सगळा भार एका कापडावर. ते कापड फाटायचं ते बहुधा नेफ्याच्या शिवणीशीच. म्हणून नेफ्याला शिवणीच्या तीन ओळी घालाव्या आणि दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. घरच्या शिलाई मशीनला जाड कॅनव्हासच्या चार घड्या झेपत नाहीत. दप्तरं आणि बॅगा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे त्या जोगं मशीन असतं आणि हातही बसलेला असतो. कापडाचा ताणा, म्हणजे उभे धागे, ओढीच्या दिशेनेच यायला हवेत. तिरकं कापलेलं कापड महिन्याभरात झोळीसारखं लोंबतं. सुती कॅनव्हास अंगाला गार लागतं, पण ओलं गुंडाळून ठेवलं तर कुजतं. नायलॉन उन्हाने कमकुवत होतं. आपल्या हवेत जाड पॉलिएस्टर बरं.

पहिल्यांदाच हत्यार हातात घेणाऱ्याने तिपाईपासून सुरुवात करावी. तीस मिलिमीटर जाडीच्या, दोन फूट लांब तीन गोल काठ्या. एका काठीतून आय-बोल्ट काढायचा. त्याच्या कडीतून लांब बोल्ट ओवून तो कडीच्या दोन्ही अंगांच्या काठ्यांतून आरपार न्यायचा, वॉशर घालून नायलॉक नटने बंद करायचा. नट काठ्या फिरतील इतपतच आवळावा. वर कॅनव्हासचा किंवा चामड्याचा त्रिकोण, तीन कोपऱ्यांना काठ्यांची टोकं बसतील असे खिसे. शिवणीच्या काठ्या घेतल्या तर सगळं मिळून वजन किलोच्या आत राहतं. तीन पाय कोणत्याही जमिनीवर टेकतातच, त्यामुळे डुगडुगण्याचा प्रश्न नाही. फक्त कडेला झुकून काही उचलू नये, तिपाई कलंडते. कोकणच्या वाळूत पाय रुततात, तेव्हा त्यांच्या टोकांना रबरी बूच किंवा जुने टेनिस बॉल लावावेत.

टेबल याहून सोपं. दीड इंच रुंदीच्या पातळ पट्ट्या बोटभर अंतराने नायलॉनच्या दोन पट्ट्यांवर रिव्हेटने जोडल्या की गुंडाळता येणारा वरचा भाग तयार होतो, आणि खाली कैचीच्या दोन जोड्या पुरतात. खाट मात्र घरी करू नये. सहा फुटांचे दांडे घडीसाठी मध्ये तोडावे लागतात, सांधे नेमके वाक पडणाऱ्या जागी येतात, आणि वजन वाढत जातं. झोपायला जमिनीवरची चटईच बरी.

काहीही केलं तरी माणूस बसण्याआधी त्याची परीक्षा घ्यायलाच हवी. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. तशा दोन गोण्या बैठकीवर ठेवून रात्रभर तशाच राहू द्याव्यात. सकाळी प्रत्येक भोक, प्रत्येक शिवण बोट फिरवून तपासावी. बारीकशी चीर दिसली तरी तो तुकडा बदलावा. आणि कैचीचे पाय मिटताना बोटं मधे सापडून चेचतात, तेव्हा लहान मुलांच्या हाती ती घडी देऊ नये.

लाकूड आणि बोल्ट शोधायला दूर जावं लागत नाही. पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आणि बोहरी आळी, मुंबईत लोहार चाळ, आणि बाकी कोणत्याही तालुक्याच्या गावी एखादी वखार आणि हार्डवेअरचं दुकान एवढं पुरेसं आहे. घरात करवत, ड्रिल आणि कानस असेल तर तिपाई दोन सुट्यांत होते, रुरकीच्या खुर्चीला महिन्याभराचे रविवार लागतात. या हंगामात तिपाई करा, तिच्यावर हात बसला की खुर्चीला हात घाला, आणि गुडघ्यांमुळे मुक्कामाला येणं सोडलेलं जे कुणी तुमच्या घरात असेल, त्यांच्या मापाने ती करा.