लंडनच्या रस्त्यावरचा जलसा

मालेगावातून शिकायला किंवा नोकरीला परदेशी जाणाऱ्या मुलामुलींच्या पैशाची, राहण्याची, जेवणाची काळजी घरची मंडळी करतात. पण तिथे मन कुठे रमवायचे, हे कोणी सांगत नाही. चौदा एप्रिलच्या रात्री मोकळ्या मैदानात सतरंजीवर बसून भीमगीते ऐकत जे वाढले, त्यांना तिथल्या बंद दारांच्या गल्ल्या खायला उठतात. आपले कोणी लंडनला असेल, तर त्यांना ऑगस्टमधला नॉटिंग हिल कार्निव्हल पाहायला जरूर सांगावे.

ऑगस्टचा शेवटचा सोमवार आणि त्याच्या आदला रविवार असे दोन दिवस तिथे रस्त्यावर संगीताचा उत्सव असतो. लाखो माणसे येतात. रस्त्यावर उभे राहून ऐकायला तिकीट लागत नाही. पण हा नुसता नाचगाण्याचा कार्यक्रम नाही. त्याचा इतिहास आपण समजून घेतला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडिज बेटांवरून हजारो काळे लोक ब्रिटनमध्ये कामाला आले. त्यांनी बसगाड्या चालवल्या, दवाखान्यांत रुग्णसेवा केली. पण भाड्याने खोली मागितली, की रंग पाहून दार लावले जाई. हे वाचताना आपल्याला बडोदे आठवते. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना तिथे पारशी नाव घेऊन धर्मशाळेत राहावे लागले आणि लाठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही घालवले.

१९५८ मध्ये नॉटिंग हिल भागात गोऱ्यांच्या टोळ्यांनी काळ्यांवर हल्ले केले. क्लॉडिया जोन्स या त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या संपादिकेने त्याला गाण्याने उत्तर दिले. जानेवारी १९५९ मध्ये तिने लंडनच्या एका सभागृहात आपल्या लोकांचा मेळा भरवला. पुढे १९६६ मध्ये रॉन लॅसलेट या समाजसेविकेने नॉटिंग हिलमध्ये मुलांसाठी जत्रा भरवली. तिथे स्टीलबँड वाजवत रस्त्यावर निघाला आणि लोक मागे चालू लागले.

हे वाद्यही ऐकण्यासारखे आहे. त्रिनिदादमध्ये गुलामांच्या वंशजांच्या ढोलांवर इंग्रज सरकारने १८८० च्या दशकात बंदी आणली. तेव्हा त्यांनी बांबू आपटून ताल धरला. पुढे तेलाची टाकाऊ पिंपे ठोकून, तापवून त्यातून सूर काढले.

आपल्या नाशिक जिल्ह्याला हे नवे नाही. भीमराव कर्डकांचा जलसा आणि सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांची गाणी याच वाटेने गेली. अक्षरओळख नसलेल्या मायबापांना चळवळ कळली ती गाण्यातूनच.

लेकरे बरोबर असतील तर रविवारी जावे. तो दिवस कुटुंबांसाठी मानतात. आवाज फार मोठा असतो आणि कापसाने तो पुरेसा अडत नाही, म्हणून लहानांच्या कानांवर आवाज रोखणारे इयर डिफेंडर लावावेत. पाणी जवळ ठेवावे. गर्दीत चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे, ते आधी ठरवावे. जवळची काही रेल्वे स्थानके त्या दिवशी बंद असतात, याची चौकशी करावी.

त्याच शहरात १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घेतले. उघडण्याचे दिवस विचारून तेही पाहावे. आणि कार्निव्हलमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या आजी-आजोबांची हकीकत विचारावी, आपल्या आजी-आजोबांची सांगावी. परक्या देशात ओळख अशीच होते.