इंजिन दुसऱ्या टोकाला

पहाटे 5.10, दिवा स्टेशन. साल 2000च्या आगेमागचं. रोह्यापर्यंत विजेच्या तारा अजून आलेल्या नाहीत. पॅसेंजरला डब्ल्यूडीएम-2 इंजिन लागलंय, वाराणसीच्या सरकारी कारखान्यातलं. 2,600 अश्वशक्ती, वजन 112 टनांच्या वर. असिस्टंट ड्रायव्हर टॉर्च घेऊन भोवती फिरतो. ब्रेकचे ठोकळे, वाळूच्या पेट्या, डिझेलची काच. ऑइलची डिपस्टिक काढतो, पुसतो, पुन्हा बुडवतो. पातळी ठीक. हात मात्र आत्ताच काळे.

7.20, नागोठणे. एकेरी मार्ग. समोरून कोकणची गाडी येतेय, म्हणून आपण बाजूच्या लूप लाइनीत. इंजिन मिनिटाला 400 फेऱ्यांवर घुरघुरतंय. बंद करत नाहीत. बॅटरी दमलेली निघाली तर पुन्हा चालू कोण करणार? डिझेल जळत राहतं.

8.05, रोहा. इथून पुढे कोकण रेल्वे, थेट ठोकूरपर्यंत. पॅसेंजर इथेच संपते. पॉइंट्समन इंजिन आणि डब्याच्या मध्ये वाकून शिरतो. व्हॅक्यूमचे पाइप सोडवतो, स्क्रू कपलिंग सैल करतो, जड कडी हुकातून उचलतो. बाहेर येऊन झेंडी हलवतो. इंजिन शेजारच्या लाइनीवरून सावकाश दुसऱ्या टोकाला जातं. तिथे पुन्हा तेच: वाकणं, कडी, पाइप. मग गार्डच्या डब्यातल्या काट्यावर व्हॅक्यूम चढेपर्यंत थांबायचं.

8.40. वडापाव आणि कटिंग. पैसे ड्रायव्हरसाहेब देतात, काल असिस्टंटनं दिले होते. चहा उभ्यानंच. तेवढ्यात असिस्टंट अ‍ॅक्सलबॉक्सना हाताची पालथी बाजू लावून येतो. गरम नाहीत.

9.15. परतीची गाडी. केबिन एकाच टोकाला, त्यामुळे आता लांब बोनेट पुढे. असिस्टंटच्या बाजूचं वळण ड्रायव्हरला दिसतच नाही. असिस्टंट खिडकीबाहेर मान काढतो. डोळ्यांत धूर आणि वारा.

"होम हिरवा!"

"हिरवा!"

निडी, नागोठणे, कासू, पेण. प्रत्येक सिग्नलला हाक, प्रत्येक हाकेला उत्तर.

12.30, दिवा. घसा बसलाय. असिस्टंट साबणाच्या चुऱ्यानं हात धुतो, रजिस्टरवर सही करतो. भत्ता किलोमीटरवर मिळतो. टॉर्च घेऊन इंजिनाभोवती मारलेल्या फेऱ्या त्यात धरत नाहीत.