विळ्याकृती पेशी आणि आक्रसणाऱ्या रक्तवाहिन्या

सिकलसेल हा रक्ताचा आजार म्हणून ओळखला जात असला, तरी त्यातील वेदनेचे मूळ केवळ रक्तपेशींत शोधून भागत नाही. ज्या वाहिन्यांतून त्या पेशी वाहतात त्यांची भिंत आणि त्या भिंतीला आकुंचनाचा आदेश देणारी मज्जासंस्था, या दोहोंचाही तिच्यात मोठा वाटा असतो. थंडी अंगात शिरली किंवा जिवाला धास्ती लागली की हाडे ठणकू लागतात, हा रुग्णांचा जुना अनुभव आहे आणि शरीरशास्त्राने तो खरा ठरवला आहे.

मूळ दोष अगदी लहान आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते, आणि त्यामुळे ऑक्सिजन सोडून दिलेले रेणू एकमेकांना चिकटून ताठ धागे तयार होतात व पेशी विळ्यासारखी वाकते. मात्र हे धागे तत्क्षणी जुळत नाहीत, त्याला काही अवधी लागतो. केशवाहिनी, म्हणजे पेशीहूनही अरुंद असलेली सर्वांत बारीक रक्तवाहिनी, त्या अवधीत ओलांडून पेशी पुढच्या मोठ्या शिरेत पोहोचली तर ती बहुधा सुटते. प्रवाह मंदावला तर ती वाटेतच ताठरते आणि मागून येणाऱ्या पेशींचीही वाट अडवते. म्हणूनच प्रवाहाचा वेग कोण ठरवते, हा या आजारातील कळीचा प्रश्न आहे.

हा वेग प्रथमतः वाहिनीच्या आतील अस्तरावर अवलंबून असतो. निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सतत तयार करते. तो वाहिनीच्या स्नायूंना सैल ठेवतो आणि पेशींना भिंतीला चिकटू देत नाही. रक्तवाहिन्यांवरील त्याच्या कार्याच्या शोधासाठी १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. सिकलसेलमध्ये नेमका हाच वायू खर्ची पडतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर सिकलसेलची पेशी साधारण १० ते २० दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशीतून रक्तद्रवात सांडलेले हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते, आणि सोबत बाहेर पडणारे आर्जिनेज हे विकर तो वायू बनवण्यासाठी लागणारे आर्जिनिनच मोडून टाकते. मग वाहिन्या आक्रसतात, अस्तर चिकट होते, आणि फुप्फुसांतील रक्तदाब वाढणे किंवा घोट्याजवळ न भरणारे व्रण होणे यांसारख्या गुंतागुंती पुढे उभ्या राहू शकतात.

या दुखावलेल्या वाहिन्यांवर स्वायत्त मज्जासंस्थेचा अंमल चालतो. हृदयाची गती, श्वास, वाहिन्यांचा व्यास अशा आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या क्रियांचे नियमन करणाऱ्या या संस्थेचे दोन भाग आहेत. अनुकंपी भाग धोक्याच्या वेळी त्वचेतील वाहिन्या आवळतो, तर परानुकंपी भाग हृदयाचे ठोके मंद ठेवून शरीराला विसावा देतो. लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी बोटातील रक्तप्रवाह मोजला, तेव्हा दीर्घ उसासा टाकण्यासारख्या क्षुल्लक कारणानेही सिकलसेलच्या रुग्णांच्या वाहिन्या निरोगी व्यक्तींपेक्षा सहज आवळल्या जातात आणि क्षणभर ऑक्सिजन कमी होताच त्यांचा परानुकंपी ताबा सुटतो, असे दिसून आले. पुढील प्रयोगांत त्वचेला उष्णतेचा चटका बसण्याआधी, केवळ तो बसणार या अपेक्षेनेच, प्रवाह घटल्याचे आढळले. थंडी आणि मानसिक ताण यांनी निरोगी माणसाच्याही वाहिन्या आकुंचन पावतात, पण त्याच्या पेशी लवचीक असल्याने त्याचे काही बिघडत नाही. सिकलसेलमध्ये तेवढाच उशीर पेशी ताठरण्यास पुरेसा ठरू शकतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, आणि त्यातील तपासणीचे महत्त्व हा आजार ओळखीचा असलेल्या गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सांगण्याची गरज नाही. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवणारे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध अनेक रुग्णांत वेदनेचे झटके कमी करते. तरीही झटका आलाच, तर वेदना स्वतःच अनुकंपी भागाला चेतवते, वाहिन्या आणखी आवळते आणि पेशी अडकण्याचा धोका वाढवते. त्यामुळे रुग्णाच्या बोलण्यावर शंका घेत वेदनाशामक लांबवणे हे निर्दयपणाचे तर आहेच, पण शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही घातक आहे, आणि अशा वेळी अंगावर टाकलेले उबदार पांघरूण हाही उपचाराचाच भाग असतो.