नदीचे पंचांग

आमच्या घरची मिरची कधीच नावेत चढली नाही. ही गोष्ट मला वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत विचार करण्याजोगी वाटली नव्हती. भिवापूर मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. माझे आजोबा मिरचीचा लहानसा व्यापार करीत आणि वैनगंगेपलीकडच्या बाजारांना पोती नेत. पवनीच्या घाटावर नाव असे, नावाडी ओळखीचा असे. तरीही मिरची जायची ती बंडीने, नदीच्या कोरड्या वाळूतून, मधल्या धारेत बैलांच्या पोटाला पाणी लागेल एवढ्या उतारावरून. नावेतून आजोबा जात ते लग्नाकार्याला किंवा पावसाळ्यानंतरच्या उधारीच्या वसुलीला.

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. बियाण्या-खतांच्या दुकानात आयुष्य गेले. वाचन दुपारच्या रिकाम्या वेळेतले, तेही मिळेल तसे. नागपूरच्या एका ग्रंथालयात चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेले मध्य प्रांताचे १८७०चे गॅझेटियर चाळताना ‘अपर गोदावरी’ नावाचा एक जिल्हा सापडला. हा जिल्हा आज कुठेच नाही. त्याचे मुख्य ठाणे सिरोंचा. तो कशासाठी निर्माण झाला याचा शोध घेताना कळले की, आपल्या वैनगंगा-वर्धेचे पाणी ज्या मार्गाने समुद्राला मिळते, त्याच मार्गाने विदर्भाचा कापूस बोटींतून समुद्राला न्यायची एक मोठी योजना होती. तिच्यावर बरीच वर्षे खर्च झाला आणि १८७१मध्ये ती सोडून देण्यात आली.

नकाशा डोळ्यांसमोर आणावा. पवनीवरून खाली गेलेली वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेला मिळते. पुढे दोघींचे नाव प्राणहिता. सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीत जाते, थोडे खाली इंद्रावती येते, आणि मग गोदावरी भद्राचलम, राजमहेंद्री करीत बंगालच्या उपसागराला मिळते. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधला होता. त्याच्या कालव्यांतून शेतीला पाणी जाई आणि मालाच्या बोटीही जात. कालव्याच्या काठाने माणसे दोर ओढत चालत, वारा अनुकूल असला की शीड उभारत. कॉटन यांचा पाण्याच्या वाहतुकीवर इतका विश्वास होता की, रेल्वेवर खर्च करण्यापेक्षा तो कालव्यांवर करावा, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. खालचा कालवा चालतो, तर वरची नदी का चालू नये, असा त्यांचा प्रश्न होता. वरच्या नदीची पाहणी आणि पुढे कामाची सूत्रे कॅप्टन हेग या मद्रासच्या इंजिनियरकडे आली.

पाण्यावरून माल नेणे स्वस्त का पडते, हे समजून घ्यायला इंग्लंडची ‘नॅरोबोट’ पाहावी. सत्तर फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद अशी ती नाव. इतकी अरुंद, कारण तिकडच्या अनेक कालव्यांची लॉक तेवढ्याच रुंदीची बांधलेली होती. काठावरून चालणारा एक घोडा अशा नावेतला पंचवीस टन माल ओढून नेई. आमच्याकडच्या काळ्या मातीच्या वाटेवर दोन बैलांची बंडी अर्धा-पाऊण टन ओढते. म्हणजे तेहतीस ते पन्नास बंड्यांचे काम एक जनावर करते. १७६१मध्ये ब्रिजवॉटरचा कालवा सुरू झाला, तेव्हा मँचेस्टरमधल्या कोळशाचा भाव निम्म्यावर आला होता. हे गणित डोक्यात पक्के बसलेले लोक हिंदुस्थानात आले होते, हे विसरून चालणार नाही.

पण घोड्याचे हे गणित साचलेल्या, सपाट पाण्याचे आहे. कालव्याला धार जवळजवळ नसते. जमिनीला उतार असेल तिथे पाण्याच्या पायऱ्या करतात आणि प्रत्येक पायरीला लॉक. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला दगडी हौद. खालून आलेली नाव हौदात घ्यायची, मागचे दार लावायचे, वरच्या दाराजवळची झडप उघडून हौद भरू द्यायचा. पाण्याबरोबर नाव वर येते. दोन्हीकडचे पाणी एका पातळीला आले की वरचे दार उघडायचे. ही दारे जोडदाराची असतात आणि मिटल्यावर वरच्या पाण्याकडे किंचित टोक काढून उभी राहतात, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट धरतो. पातळी एक झाल्याशिवाय दहा माणसांनी ढकलले तरी ती हलत नाहीत, आणि एक झाली की एकटा माणूस पाठीने रेटून उघडतो. हौद रिकामा होत असताना दोर खुंटीला आवळून बांधायचा नसतो, हातात ढिला सोडत राहायचे असते. नाहीतर पाणी उतरते, नाव दोराला लटकते आणि माल एका अंगाला जातो. ओढायचा दोर नावेच्या टोकालाही बांधत नाहीत. टोकाला बांधला तर नाव काठाकडे तोंड फिरवते, म्हणून तो टोकापासून थोडा मागे, डोलकाठीला बांधतात आणि सुकाणू उलट्या बाजूला धरतात.

गोदावरी-प्राणहितेच्या मार्गात खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला दुम्मागुडेमला, भद्राचलमच्या वर. दुसरा सिरोंचाच्या खाली एंचमपल्लीला. तिसरा प्राणहितेत देवलमारीला, आजच्या अहेरी तालुक्यात. उन्हाळ्यात देवलमारीला गेलात, तर नदीचे पात्र म्हणजे काळ्या खडकांचे रान दिसते आणि पाणी त्यांच्यामधून वाट काढत असते. योजना अशी की, प्रत्येक अडथळ्याशी बंधारा घालून पाणी अडवायचे, बाजूने बगलकालवा खोदायचा, त्यात लॉक बसवायची आणि खडक टाळून बोट वर न्यायची. उरलेल्या लांबीत नदीच वापरायची.

राजकारणही अनुकूल होत गेले. १८६०च्या तहाने गोदावरीच्या डाव्या तीराचा निजामाचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि दोन राज्यांच्या सीमेवरच्या या नद्यांतली वाहतूक जकातमुक्त झाली. सिरोंचाचा नवा जिल्हा त्यातूनच बनला. १८६१मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि हिंगणघाटच्या कापसाकडे साऱ्यांचे डोळे लागले. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी या जलमार्गाचा जोरदार पुरस्कार केला. कापूस खाली जाईल आणि परतीला समुद्रकाठचे मीठ अन् नारळ वर येतील, असा हिशेब होता. मिठाची बाजू लहान समजू नये. त्या काळी आपल्या भागातले मीठ बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल येई.

मग झाले काय? पुस्तकांतून मिळणारी कारणे खरी आहेत. जंगलात ताप आणि पटकी, मजूर टिकेनात, खर्च वाढत गेला, आणि फेब्रुवारी १८६७मध्ये मुंबईहून आगगाडी नागपूरला पोचली. दुम्मागुडेमचा बंधारा झाला, तो अजून उभा आहे. वरच्या दोन्ही अडथळ्यांची कामे पुरी झालीच नाहीत. १८७४मध्ये अपर गोदावरी जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडले गेले. आगगाडीने बोटीला हरवले, असे एका वाक्यात सांगून बहुतेक जण पुढे जातात. मीही गेलो असतो.

पवनीच्या घाटावर बसणारे एक वृद्ध नावाडी आहेत, जातीने ढिवर. पुलाआधी त्यांनी हयातभर नाव चालवली. त्यांच्यासमोर मी हेगसाहेबाची योजना मोठ्या उत्साहाने मांडली. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “कापूस कोन्या महिन्यात नेनार होते, गुर्जी?”

मी म्हणालो, “कापूस निघेल तेव्हा.”

“मंग नाव कायले पायजे? बंडीच जाते नं तवा.”

त्यांच्या हिशेबात पोळ्यापर्यंत नदी कोणाची नाही, दसऱ्यापासून ती नावाड्याची आणि संक्रांतीनंतर बंडीवाल्याची. आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू होते, सीतादही होते, ती साधारण दसरा-दिवाळीच्या सुमाराला. वेचण्या दोन-तीन, मग सरकी काढणे, दाबून गाठी बांधणे, गाड्या भरून काठापर्यंत आणणे. माघ उजाडतो. तोवर वैनगंगेत आणि वर्धेत जागोजाग वाळू उघडी पडलेली असते. बोटीला पाणी मिळते ते आषाढापासून, आणि तेव्हा कापूस घरात नसतो. ठेवलेला कापूस पुढच्या पुरावर पाठवायचा म्हणजे सहा महिने भांडवल अडकणार, आणि तोही भर पावसात भिजत जाणार. बगलकालवे खडक टाळू शकत होते, महिना टाळू शकत नव्हते. त्यासाठी वर कुठेतरी पावसाचे पाणी साठवून उन्हाळ्यात नदीत सोडत राहावे लागते. आगगाडीला ही अडचण नाही, ती माघातही धावते. आजोबांची मिरची बंडीनेच का जाई, हे मला त्या घाटावर समजले. लाल मिरची वाळून पोत्यात पडते ती पौषानंतर. मिरची आणि नदी यांची कधी गाठच पडत नव्हती.

हे बाबा बोलत राहिले आणि मी वहीत उतरवत राहिलो. खोली ते फुटात सांगत नाहीत. घोटाभर, गुडघाभर, मांडीभर, कमरभर, छातीभर अशी त्यांची मापे. रिकामा डोंगा गुडघ्याखालच्या पाण्यावरही चालतो, भरलेल्याला मांडीभर लागते. घाटाची कोणती पायरी बुडाली यावरून मधल्या धारेत किती पाणी असेल हे ते न जाता सांगत. धार आडवी कापायची तर समोरच्या घाटाकडे तोंड धरायचे नाही. काठाकाठाने, संथ पाण्यातून, बरेच वर जायचे आणि तिथून तिरपे सोडायचे. नदी स्वतः नेऊन घाटाला लावते. वळणावर बाहेरच्या बाजूला पाणी खोल पण जोराचे, आतल्या बाजूला मंद पण वाळूचे. पाण्याचा पृष्ठभाग एका जागी थरथरताना दिसला, तर खाली खडक वा ओंडका समजावा. गुळगुळीत, तेलकट दिसणारी जागा खोल. ओझे मधोमध ठेवायचे, किंचित मागे झुकते. माणसांना उभे राहू द्यायचे नाही. बंडी न्यायची असेल तर दोन डोंगे शेजारी बांधून वर फळ्या टाकायच्या आणि बैलांना पोहत न्यायचे. उन्हाळ्यात डोंगा पालथा घालून फटींत चिंध्या ठासायच्या आणि वरून डांबर.

“नाव पान्यानं नाई बुडत,” ते म्हणाले, “घाईच्या मानसानं बुडते.”

चांद्याचा १८६९चा जमाबंदी अहवाल मेजर ल्युसी स्मिथ यांनी लिहिला. गॅझेटियरनंतर मी तो वाचला. नद्या, जंगले, गावे यांचे वर्णन त्यात भरपूर आहे, आणि त्या इंजिनियरांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. हिंगणघाटचा कापूस कधी बाजारात येतो हे त्यांना ठाऊक नसेल, असे मानणे पोरकटपणाचे होईल. माझा अंदाज असा की, त्यांनी नदी मैलांत मोजली आणि ढिवरांनी ती महिन्यांत मोजली. मैलांचा कागद वरपर्यंत पोचला.

हा विषय आज जुना राहिलेला नाही. २०१६च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्यात वैनगंगा-प्राणहिता हा १०९ क्रमांकाचा आहे. दरम्यान पाणी साठवण्याची जी जागा त्या काळी नव्हती, ती आता पवनीजवळ आहे. गोसीखुर्दचे भूमिपूजन १९८८मध्ये झाले. धरणाला ३३ दरवाजे आहेत. आमच्या भिवापूर तालुक्यातली आणि शेजारच्या कुहीतली गावे उठली, माणसे नव्या वसाहतींत गेली. साठलेले पाणी शेतीचे आहे आणि ते कालव्यांनी जाते. त्या कालव्यांत एकही नाव चालत नाही. सिरोंचासमोर तेलंगणाचा मेडिगड्डा बंधारा २०१९मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२३मध्ये त्याचे काही खांब खचले. ज्या पाण्यातून कापसाच्या बोटी जायच्या होत्या, त्यावर आता ठिकठिकाणी दरवाजे आहेत आणि ते कधी उघडायचे हे नदी ठरवत नाही.

बाबांचे पंचांग त्यामुळे चुकू लागले आहे. धरणाखाली एका रात्रीत पायऱ्या बुडतात आणि सकाळी उघड्या पडतात. धरणाच्या वर तर पाण्याखाली जुनी झाडे, विहिरी, घरांची जोती आहेत. तिथे जाळे टाकणाऱ्या पोरांना पृष्ठभागाच्या थरथरीवरून काही समजत नाही, कारण तिथे धारच नाही. बाबांचा नातू आता मोटर लावलेल्या फायबरच्या नावेने मासेमारी करतो. जाळे कुठे अडकते याची खूण त्याने नव्याने शिकायला घेतली आहे, आणि ती शिकताना तो उठलेल्या गावांतल्या म्हाताऱ्यांना विचारतो की, तुमच्या गावातली चिंच नेमकी कुठे होती.

१०९ क्रमांकाच्या जलमार्गाची बातमी मी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली आणि म्हणाले, “पानी कोन्या महिन्यात सोडतीन, ते लिवलं हाये का?”

बातमीत ते नव्हते. मी घडी घालून कागद खिशात ठेवला, आणि ते घाटाची चौथी पायरी दाखवून पलीकडे किती पाणी असेल ते सांगू लागले.