काउंट वाढलेला, प्रतिकार मात्र तोकडा

मार्च २०२०. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंडमध्ये ७१ वर्षांच्या एका बाईंची कोरोना चाचणी पॉझिटिव्ह आली. ताप नाही, खोकला नाही, दम नाही. पण आठवडे उलटले तरी चाचणी पॉझिटिव्हच येत राहिली. पहिल्या चाचणीनंतर तब्बल ७० दिवसांनीही त्यांच्या नमुन्यात दुसऱ्याला लागण करू शकेल असा विषाणू सापडला. बाईंना दहा वर्षांपासून क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल हा रक्ताचा कर्करोग होता आणि रक्तातली प्रतिपिंडं फार कमी होती.

सीएलएल पुष्कळदा भलत्याच कारणासाठी केलेल्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीत सापडतो. पांढऱ्या पेशी लाखाच्या घरात आणि माणूस हिंडता-फिरता. ‘पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात ना, मग वाढल्या तर बरंच की!’ असं घरच्यांना वाटतं, आणि तसं वाटणं साहजिक आहे. पण ही सगळी गर्दी एकाच बिघडलेल्या बी-पेशीच्या नकलांची असते. निरोगी बी-पेशी जंतू ओळखून प्रतिपिंडं तयार करतात. या नकलांना ते काम जमत नाही, शिवाय चांगल्या पेशींचीही त्या अडचण करतात. रोगाशी लढणाऱ्या टी-पेशीही मंदावतात. म्हणूनच ‘अजून औषध चालू नाही, नुसती तपासणी असते’ म्हणणारा रुग्णही कोरोनापुढे उघडा पडू शकतो. मला सगळ्यात काळजी वाटते ती त्याचीच, कारण त्याला कुणी आजारी धरतच नाही.

लसीबाबतही हेच दिसलं. इस्रायलमध्ये फायझरचे दोन डोस घेतलेले १६७ सीएलएल रुग्ण तपासले गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रतिपिंडं दिसली जेमतेम ४० टक्के जणांत. कधीच उपचार न घेतलेल्यांत हे प्रमाण ५५ टक्के होतं, उपचार चालू असलेल्यांत १६. आणि वर्षभराच्या आत रिटुक्सिमॅबच्या जातीची, बी-पेशी संपवणारी औषधं घेतलेल्यांत? एकातही नाही. म्हणून लस वाया गेली असं मात्र नव्हे. प्रतिपिंडं नसली तरी टी-पेशी काही प्रमाणात तयार होऊ शकतात. जमेल तेव्हा उपचार सुरू होण्याआधीच लस उरकून घ्यावी, आणि घरातल्या सगळ्यांनीही घ्यावी, ती यासाठीच.

नावात ‘क्रॉनिक’ असलेला दुसरा ल्युकेमिया, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया म्हणजे सीएमएल, वेगळा. इमॅटिनिबच्या गोळ्यांवर आजार आटोक्यात असेल तर तिथे धोका इतका मोठा नसतो. फाइलवर नेमकं काय लिहिलंय ते रुग्णाला ठाऊक हवं.

आणखी एक गोष्ट, घाईत हमखास राहून जाणारी. कोरोनावरच्या पॅक्सलोव्हिडमधलं रिटोनाविर हे सीएलएलवरच्या इब्रुटिनिब आणि व्हेनेटोक्लॅक्स या औषधांचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढवू शकतं. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, पण डॉक्टरांना फोन करताना ‘कोरोना झालाय’ एवढ्यावर थांबू नये. ल्युकेमियाची कोणती गोळी चालू आहे, तिचं नाव पाकिटावरून वाचून सांगावं.