ई-मेल प्रमाणीकरण

ई-मेलने आलेला संदेश ज्या डोमेनच्या नावाने आलेला दिसतो, त्या डोमेनच्या धारकानेच तो पाठविला आहे किंवा पाठविण्यास अनुमती दिली आहे, याची खातरजमा ग्राही सर्व्हरला आपोआप करता यावी म्हणून योजिलेल्या पद्धतींना ई-मेल प्रमाणीकरण म्हणतात. पत्त्यातील ‘ॲट’ या चिन्हानंतर येणारा भाग म्हणजे डोमेन होय. एसपीएफ, डीकिम व डीमार्क या तीन पद्धती सध्या प्रचलित असून त्या परस्परांना पूरक आहेत. संदेशातील मजकूर खरा आहे किंवा पाठविणारा सज्जन आहे, असे यांपैकी एकही पद्धत सांगत नाही. संदेशावरील नावाची जबाबदारी कोणाची, एवढेच त्या ठरवितात. तथापि २०२४ पासून मोठ्या ई-मेल सेवांनी हे प्रमाणीकरण घाऊक प्रेषकांना सक्तीचे केल्यामुळे, संदेश वाचकाच्या पेटीत पोहोचणार, स्पॅमच्या कप्प्यात जाणार की परत येणार, हे पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी : दोन संगणकांमध्ये जालकाद्वारे संदेश पाठविण्याचा पहिला प्रयोग अमेरिकन अभियंते रे टॉमलिन्सन (१९४१–२०१६) यांनी १९७१ साली केला. त्या काळी जालकावर मोजक्या विद्यापीठांचे व संशोधनसंस्थांचे संगणक होते आणि ते वापरणारे बहुधा एकमेकांना ओळखत. जॉन पोस्टेल (१९४३–९८) यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये सिद्ध केलेल्या एसएमटीपी या प्रेषणनियमावलीत म्हणूनच प्रेषकाची ओळख पडताळण्याची तरतूद नव्हती. पाठविणारा संगणक जो पत्ता सांगेल, तो खरा मानला जाई. वस्तुतः या भोळेपणाचा गैरफायदा घेता येण्यापूर्वीच जालकाच्या दुरुपयोगाला प्रारंभ झाला होता. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या एका विक्रेत्याने सु. ४०० जणांना एकाच वेळी जाहिरातीचा संदेश पाठविला होता. तो पहिला स्पॅम समजला जातो. त्याने निदान आपले नाव लपविले नव्हते. पुढे आंतरजाल सर्वांना खुले झाल्यावर दुसऱ्याच्या, विशेषतः बँकांच्या, नावाने संदेश पाठवून लोकांना फसविण्याचा व्यवसायच सुरू झाला. एसएमटीपीच्या २००८ च्या सुधारित आवृत्तीतही ही प्रेषणपद्धती स्वभावतःच असुरक्षित असल्याचे स्पष्टपणे नमूद केले आहे.

प्रमाणीकरणातील बहुतेक घोटाळे एका गोष्टीच्या अज्ञानातून होतात. कागदी टपालात पाकिटावर पाठविणाराचा एक पत्ता असतो आणि आतील पत्राच्या शीर्षकात दुसरा असू शकतो. ई-मेलचेही तसेच आहे. सर्व्हर एकमेकांशी बोलताना जो प्रेषकपत्ता देतात, तो पाकिटावरचा पत्ता होय. न पोहोचलेला संदेश त्याच पत्त्यावर परत येतो. वाचकाला पडद्यावर जे नाव दिसते, ते आतील पत्राचे. हे दोन्ही पत्ते एकच असले पाहिजेत असा नियम नाही आणि वाचकाला पाकीट सहसा दिसतच नाही.

एसपीएफ : ही पद्धत पाकिटावरच्या पत्त्याची तपासणी करते. डोमेन नावांची जगद्व्यापी नोंदव्यवस्था, म्हणजे डीएनएस, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. तिच्यातील नोंदी फक्त डोमेनच्या धारकालाच बदलता येतात, पण वाचता मात्र कोणालाही येतात. आपल्या नावाने संदेश पाठविण्याची अनुमती असलेल्या सर्व्हरांची यादी धारकाने या व्यवस्थेत प्रसिद्ध करावी, ही एसपीएफची मूळ कल्पना होय. तशा स्वरूपाच्या अनेक सूचनांचे एकत्रीकरण मेंग वेंग वाँग यांनी २००३ मध्ये केले. २००६ मध्ये ती प्रायोगिक नियमावली म्हणून आणि एप्रिल २०१४ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाली. यादीच्या अखेरीस उणे चिन्ह असल्यास यादीबाहेरील सर्व्हर अमान्य समजावेत आणि तरंगरेषा असल्यास संशयास्पद समजावेत, असा संकेत आहे.

या पद्धतीच्या दोन मर्यादा आहेत. एखाद्याने आपल्याकडे आलेला संदेश यंत्राने दुसऱ्या पत्त्याकडे वळविला असेल, तर अखेरच्या ग्राही सर्व्हरला तो वळविणाऱ्या सर्व्हरकडून आलेला दिसतो. हा सर्व्हर मूळ धारकाच्या यादीत नसल्याने खरा संदेशही अनुत्तीर्ण ठरतो. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे : वाचकाला दिसणाऱ्या पत्त्याकडे एसपीएफ पाहतच नाही. पाकिटावर स्वतःचे डोमेन घालून आत बँकेचे नाव लिहिणारा ठग या परीक्षेत सुखेनैव उत्तीर्ण होतो.

डीकिम : याहू कंपनीतील मार्क डेलनी यांची डोमेनकीज ही पद्धत व सिस्को कंपनीची तत्सम पद्धत यांच्या संयोगातून डीकिम तयार झाली. तिची पहिली नियमावली मे २००७ मध्ये व सध्याची सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. हिच्यात प्रत्येक संदेशावर डिजिटल स्वाक्षरी केली जाते. धारकाजवळ चाव्यांची एक जोडी असते. तीपैकी गुप्त चावी पाठविणाऱ्या सर्व्हरवर राहते व तिने स्वाक्षरी होते. जाहीर चावी डीएनएसमध्ये ठेवली जाते व तिने स्वाक्षरी पडताळता येते. संदेशाचा मजकूर आणि शीर्षकातील निवडक ओळी यांच्यात वाटेत बदल झाल्यास स्वाक्षरी जुळत नाही. संदेश कोणत्या मार्गाने आला याच्याशी या पद्धतीला कर्तव्य नसल्यामुळे, वळविलेला संदेश अभंग राहिल्यास तो येथे उत्तीर्ण होतो.

चावी किती लांबीची आहे, याला येथे फार महत्त्व आहे. अमेरिकन गणितज्ञ झॅकरी हॅरिस यांना गूगलकडून नोकरीसंबंधी विचारणा करणारा एक संदेश आला होता. त्याची स्वाक्षरी केवळ ५१२ बिट लांबीच्या चावीने केलेली असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. ही आपली परीक्षा घेण्यासाठी घातलेली कूटसमस्या असावी, अशा समजुतीने त्यांनी चावी फोडली आणि कंपनीच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्या संस्थापकाला संदेश पाठविला. त्यांना उत्तर मिळाले नाही. परंतु थोड्याच दिवसांत कंपनीची चावी बदलून २,०४८ बिटांची झाली. हा प्रकार २०१२ साली उघडकीस आल्यावर इतर अनेक मोठ्या कंपन्यांच्या चाव्याही तितक्याच दुबळ्या असल्याचे आढळले. २०१८ च्या नियमानुसार चावी किमान १,०२४ बिटांची असावी लागते व २,०४८ बिटांची शिफारस केली जाते. चावी ठराविक काळाने बदलणेही इष्ट असते. नवी चावी डीएनएसमध्ये प्रसृत होईपर्यंत जुनी काढू नये, हा साधा दंडक मात्र वारंवार मोडला जातो.

डीमार्क : पहिल्या दोन पद्धतींचा निष्कर्ष वाचकाला दिसणाऱ्या पत्त्याशी जोडण्याचे काम डीमार्क करते. पेपाल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू इ. कंपन्यांनी जानेवारी २०१२ मध्ये ती जाहीर केली व मार्च २०१५ मध्ये तिचे नियम प्रसिद्ध झाले. एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी निदान एका परीक्षेत संदेश उत्तीर्ण व्हावा आणि ज्या डोमेनच्या बळावर तो उत्तीर्ण झाला, ते दिसणाऱ्या पत्त्यातील डोमेनशी जुळावे, अशी तिची अट आहे. ती न पाळली गेल्यास काय करावे, हे धारक आपल्या नोंदीत सांगतो : काहीही करू नये, संशयित म्हणून वेगळे ठेवावे किंवा नाकारावे. शिवाय आपल्या नावाने कोणकोणत्या सर्व्हरांकडून किती संदेश आले व त्यांचे काय झाले, याची अहवालपत्रे धारकाला बहुधा दररोज मिळू शकतात. या पद्धतीचा खरा लाभ या अहवालांत आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

अवलंबन : एखाद्या महाविद्यालयाचे उदाहरण घेता येईल. कार्यालयाचा पत्रव्यवहार एका मोठ्या कंपनीच्या ई-मेल सेवेतून होतो, परीक्षा शुल्काच्या पावत्या बाहेरच्या संगणकसेवेकडून जातात आणि माजी विद्यार्थ्यांचे वार्तापत्र तिसऱ्याच सेवेमार्फत निघते. या तिन्हींवर महाविद्यालयाचाच पत्ता दिसतो. पावत्या पाठविणारी सेवा पाकिटावर आपले स्वतःचे डोमेन घालते व स्वाक्षरीही स्वतःच्याच चावीने करते. एसपीएफ उत्तीर्ण, डीकिम उत्तीर्ण. पण दोन्ही त्या सेवेच्या नावावर, महाविद्यालयाच्या नव्हे. डीमार्कच्या दृष्टीने ती पावती बनावटच ठरते. तपासणीची साधने हिरवी खूण दाखवितात आणि विद्यार्थ्याला पावती मात्र मिळत नाही, अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा येथे असते. त्यावर उपाय म्हणजे त्या सेवेकडून नवी जाहीर चावी घेऊन ती महाविद्यालयाच्या डीएनएसमध्ये ठेवणे व स्वाक्षरी महाविद्यालयाच्या नावाने करविणे.

म्हणून पहिले काम डीएनएसमधील नोंदींचे नसून, आपल्या नावाने कोण कोण संदेश पाठविते याची मोजदाद करण्याचे असते. ती कधीच एका दमात पूर्ण होत नाही. पगारपत्रके पाठविणारी जुनी आज्ञावली किंवा संकेतस्थळावरील चौकशीचा अर्ज विस्मरणात गेलेला असतो. त्यानंतर एसपीएफची यादी करावी. एका डोमेनला अशी एकच नोंद असावी लागते. दोन असल्यास दोन्ही व्यर्थ जातात. ती तपासताना डीएनएसकडे कराव्या लागणाऱ्या पृच्छांना १० ची मर्यादा आहे. बाहेरची प्रत्येक सेवा यादीत घेतली की एक किंवा अधिक पृच्छा खर्ची पडतात आणि मर्यादा ओलांडल्यास परीक्षा त्रुटीत संपते. सोडून दिलेल्या सेवांची नावे वेळीच काढून टाकणे यासाठीही आवश्यक असते. मग प्रत्येक सेवेत डीकिमची स्वाक्षरी सुरू करून डीमार्कची नोंद प्रथम निव्वळ निरीक्षणाच्या अवस्थेत ठेवावी. काही आठवडे अहवाल वाचून राहून गेलेले प्रेषक हुडकावेत, नंतर संशयिताची व शेवटी नकाराची आज्ञा द्यावी. पहिल्याच दिवशी नकाराची आज्ञा देणारी संस्था स्वतःचेच टपाल अडविते. याउलट वर्षानुवर्षे निरीक्षणाच्या अवस्थेत राहणाऱ्या संस्थेच्या नावाचा दुरुपयोग डीमार्क थांबवीत नाही, केवळ मोजते. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्ये नागरी केंद्रीय कार्यालयांना आदेश देऊन नकाराच्या अवस्थेपर्यंत जाण्यास एक वर्षाची मुदत दिली होती. ज्या डोमेनवरून संदेश कधीच पाठविले जात नाहीत, त्यांनाही ‘कोणासही अनुमती नाही’ अशी नोंद करणे श्रेयस्कर ठरते.

कठोर आज्ञेचे दुष्परिणाम एप्रिल २०१४ मध्ये दिसून आले. आपल्या ग्राहकांच्या नावाने येणाऱ्या बनावट संदेशांना आळा घालण्यासाठी याहू व एओएल यांनी नकाराची आज्ञा दिली. त्यामुळे चर्चागटांच्या टपालयाद्या विस्कळित झाल्या. या याद्या विषयाच्या ओळीत गटाचे नाव व मजकुराखाली तळटीप जोडतात. साहजिकच स्वाक्षरी मोडते आणि सर्व्हरही बदललेला असतो. दोष यादी चालविणाऱ्यांचा नव्हता, पण झीज त्यांना सोसावी लागली. प्रेषकाच्या जागी यादीचा पत्ता घालण्याची तडजोड अनेकांनी पतकरली. मधल्या सर्व्हरांनी आपापल्या तपासणीचा निष्कर्ष साखळीने पुढे पाठविण्याची एआरसी ही पद्धत जुलै २०१९ मध्ये प्रायोगिक म्हणून प्रसिद्ध झाली.

पोहोच : गूगल व याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलेले नियम फेब्रुवारी २०२४ पासून अंमलात आले. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० वा अधिक संदेश पाठविणाऱ्यास तिन्ही पद्धती अनिवार्य झाल्या. इतरांना एसपीएफ व डीकिम यांपैकी निदान एक आवश्यक ठरली. वाचकांनी स्पॅम म्हणून तक्रार केलेल्या संदेशांचे प्रमाण ०·३ टक्क्याच्या खाली ठेवणे आणि जाहिरातवजा संदेशांत एका टिचकीने नाव कमी करण्याची सोय देणे, याही अटी घाऊक प्रेषकांवर आहेत. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ पासून आपल्या आउटलुक या सेवेसाठी तीच वाट धरली. प्रमाणीकरण केले म्हणजे संदेश हमखास पोहोचतो, हा समज मात्र चुकीचा आहे. प्रमाणीकरणामुळे प्रेषकाची पत त्याच्या नावाशी बांधली जाते. ती पत चांगली की वाईट, हे त्याच्या वर्तनावर ठरते. नको असलेल्यांना संदेश धाडणाऱ्याची अपकीर्ती उलट अधिक अचूकपणे नोंदली जाते. स्वतःचा सर्व्हर चालविणाऱ्या लहान संस्थांवर या नियमांचा भार तुलनेने अधिक पडतो, कारण नियम ठरविणाऱ्या कंपन्या स्वतःच अशी टपालसेवा पुरविणाऱ्याही आहेत.

मर्यादा : ठगाने दुसऱ्याचे खरे खातेच हस्तगत केले किंवा एखादे अक्षर इकडेतिकडे करून हुबेहूब भासणारे डोमेन विकत घेतले, तर त्याचे संदेश तिन्ही परीक्षांत उत्तीर्ण होतात. ही उणीव नोंदणीच्या पातळीवरच भरून काढता येते. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये भारतातील बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन ठरवून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर स्थलांतर करण्यास सांगितले. ते इतर कोणालाही मिळू शकत नाही. देवनागरीतील ‘डॉट भारत’ हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध असून मराठीतही पत्ते घेता येतात. डीएनएसमध्ये अशी नावे रोमन अक्षरे व अंक यांत रूपांतरित करून साठविली जातात. त्यांच्या संदर्भात तिन्ही पद्धती कशा लावाव्यात, याचे नियम जून २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत.